आमची वाटचाल: जाळलेल्या पेट्या आणि त्यानंतर

मधमाश्यांच्या पेट्या बनवायच्या, नवशिक्यांना माश्यांच्या वसाहती द्यायच्या आणि वसंत ऋतूत त्यांची तपासणी करून द्यायची, असं काम मी आणि माझ्या भागीदाराने सुरू केलं. त्याचा हात सुतारकामात बसलेला, माझा माश्यांत. पहिली दोन वर्षं धंदा बरा चालला. तिसऱ्या वसंतात मात्र सगळं बसलं.

झालं असं, की आम्ही जुन्या, पोळं बांधलेल्या चौकटी स्वस्तात घेतल्या. माश्यांचं मेण बांधायचं कष्ट वाचेल, एवढाच हिशेब. वसंतात पेट्या उघडल्या तर झाकलेल्या अळ्यांवरची झाकणं खचलेली, काळपट, मधूनच भोकं पडलेली. सरसाचा असतो तसा वास. पोळ्यातल्या एका घरात आगकाडी घालून ओढली, तर तपकिरी चिकट तार काडीबरोबर दोन-तीन सेंटिमीटर लांबत आली. ज्यांनी ही तार पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. अमेरिकन फाउलब्रूड, अळ्या सडवणारा जिवाणूचा रोग.

२२ पेट्या होत्या. संध्याकाळी सगळ्या माश्या घरी आल्यावर त्या मारल्या, खड्डा खणून चौकटी, पोळी, मध सगळं जाळलं आणि वर माती ओढली. या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक, सुप्त रूपं, चाळीस वर्षांनंतरही जिवंत सापडतात. अँटिबायोटिकने वाढणारा जिवाणू मरतो, बीजाणू मरत नाहीत. लक्षणं दबतात, रोग मधात आणि मेणात बसून राहतो.

हे आमच्या प्रतिस्पर्ध्याला ठाऊक नव्हतं असं मी मानत नाही. त्याने गिऱ्हाइकांना साखरेच्या पाकात औषध कालवून द्यायला सांगितलं आणि त्याच वसाहती विकत राहिला. वर सगळीकडे सांगत सुटला की रोग आमच्याकडचा, जाळाव्या लागल्या त्या आमच्याच पेट्या. खरं सांगून जाळणारा बदनाम झाला आणि झाकणारा विकत राहिला. इतकी वर्षं झाली, ते अजून मनातून जात नाही.

भागीदार त्याच वर्षी वेगळा झाला. त्याला दोष देत नाही. त्या चौकटी मीही हातात घेतल्या होत्या, पण उन्हाकडे पाठ करून, तिरप्या धरून घरांच्या तळाशी चिकटलेल्या काळ्या खपल्या मी पाहिल्या नाहीत. तेवढं एकदा पाहिलं असतं तर पुरलं असतं. जुन्या चौकटी घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे विचारल्याशिवाय सांगतो, आणि शक्यतो घेऊच नका असंही.

पेट्या उघडायची माझी पटाशी मात्र तेव्हाचीच आहे. एका टोकाला वाकलेली, कडेला घासून पातळ झालेली. दोन पेट्यांच्या मध्ये ती धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात घासतो आणि ज्योतीवर धरतो. हातमोजेही बदलतो. शिकाऊ मुलांना याचा कंटाळा येतो, पण आमच्याकडे काम करायचं तर हे करावंच लागतं.

त्या पडत्या काळात आमच्याकडे आल्या त्या एक निवृत्त शिक्षिका. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. कोणी वसाहत घेत नव्हतं तेव्हा त्यांनी दोन घेतल्या, कारण विचारलं नाही. वही ठेवायची सवय शाळेतली. एका वसंतात म्हणाल्या, “माश्या भरपूर आहेत, अंडी छान आहेत, तपासायचं कशाला?” मी राणी दुसऱ्या चौकटीवर असल्याची खात्री केली, अळ्यांच्या चौकटीवरून अर्धा कप, म्हणजे तीनशेच्या आसपास माश्या घेतल्या, अल्कोहोलमध्ये हलवून जाळीतून गाळल्या. १४ व्हरोआ, म्हणजे माश्यांवर जगणारे गोचिडीसारखे बारीक परजीवी, निघाले. शंभर माश्यांमागे तीनच्या पुढे गेलं की वाट पाहायची नसते. बाईंना तीनशे माश्या मेल्याचं वाईट वाटलं. मलाही वाटतं. पण बाहेरून भरलेली दिसणारी वसाहत पंख चुरगळलेल्या माश्या काढू लागते तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

इथे नवशिके हमखास चुकतात. व्हरोआवर देतात ते ऑक्झॅलिक आम्ल झाकलेल्या घरात शिरत नाही आणि वसंतात बहुतेक व्हरोआ तिथेच वाढत असतात, नरांच्या घरात तर जास्तच. फॉर्मिक आम्ल झाकणातून आत जातं, पण भर उन्हात राणी गमावू शकता. तापमान आणि मधाच्या कप्प्यांबाबत लेबलवर असेल तेच करायचं. बाईंच्या पेट्यांना फॉर्मिक दिलं, उपचार संपल्यावर पुन्हा मोजलं, दोन निघाले.

पेटीसमोर खडूसारख्या कडक अळ्या पडल्या म्हणून घाबरून फोन येतात. तो बुरशीचा रोग आहे. पेटी कोरडी करा, हवा खेळू द्या, वसाहत जोमात आली की बहुधा ओसरतो. त्यासाठी मी पैसे घेत नाही.

मधली वर्षं शांत गेली, सांगण्यासारखं फार नाही. बाईंची सातवी वही सुरू आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी स्वतःच माश्या धुतल्या, आकडा लिहिला आणि पान फाडून माझ्याकडे पाठवलं. ते पान कार्यशाळेच्या भिंतीवर, जळक्या पेटीच्या उरलेल्या बिजागरीच्या शेजारी लावलं आहे.