ह्यूस्टनचा सगळ्यात भारी संघ कोणता?

बुधवार, ९ एप्रिल २०२५

सोमवारी रात्री सॅन अँटोनियोत अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलच्या फायनलला फ्लोरिडाने आम्हाला, म्हणजे ह्यूस्टन विद्यापीठाच्या संघाला, ६५-६३ असं हरवलं आणि घरात अजून तोच विषय चालू आहे. शेवटच्या सेकंदांत इमॅन्युएल शार्पने तीन गुणांसाठी उडी मारली, समोरून वॉल्टर क्लेटन झेपावत आला, आणि शार्पने हवेतच चेंडू सोडून दिला. चेंडू टप्पे घेतोय, शार्प त्याच्या शेजारी उभा, पण हात लावायची सोय नाही. त्यानेच पहिला हात लावला असता तर ट्रॅव्हलिंग, म्हणजे चेंडू न टप्पवता चालल्याचा नियमभंग. तेवढ्यात फ्लोरिडाच्या पोराने चेंडूवर अंग टाकलं आणि वेळ संपली. दुसऱ्या हाफमध्ये बारा गुणांची आघाडी होती! सगळ्या सामन्यात फ्लोरिडा पुढे होती ती जेमतेम मिनिटभर, पण नेमकं शेवटचं.

चिरंजीव ह्यूस्टन विद्यापीठातच शिकतात. त्यांचं म्हणणं, विजेतेपद न मिळालेल्या संघांत हाच सगळ्यात भारी. पस्तीस विजय, पाच पराभव. सेमीफायनलला ड्यूक विद्यापीठ आठ मिनिटं उरली असताना चौदा गुणांनी पुढे होतं, तरी ७०-६७ ने जिंकलो. डिफेन्स तर विचारूच नका.

इथे यादी करायला माल भरपूर आहे, हेच दुखणं. ह्यूस्टन सात वेळा फायनल फोरला, म्हणजे स्पर्धेतल्या शेवटच्या चार संघांत, गेलं: १९६७, ६८, ८२, ८३, ८४, २०२१ आणि आता. एकही विजेतेपद न मिळवता इतक्यांदा तिथवर गेलेलं दुसरं विद्यापीठ नाही.

काल संध्याकाळी शेजारचे गृहस्थ चहाला आले. सत्तरी ओलांडलेले, जन्म इथलाच. (आल्याचा चहा आमच्याकडे येऊन शिकले आणि आता दुधाचं प्रमाण आम्हाला सांगतात.) वादात तेही उतरले.

बहुतेक लोक १९८३ चं नाव घेतात. 'फाय स्लामा जामा' हे त्या संघाचं टोपणनाव! हकीम ओलाजुवॉन, क्लाइड ड्रेक्सलर, मायकल यंग, लॅरी मिशो. सलग २६ सामने जिंकून, पहिल्या क्रमांकाचा संघ म्हणून आल्बुकर्कीला फायनल खेळायला गेले. समोर नॉर्थ कॅरोलायना स्टेट, मोसमात दहा सामने हरलेला संघ. त्याची मी पाहिलेली जुनी चित्रफीत आठवते: कोच गाय लुईस यांच्या हातात तो लाल-पांढऱ्या ठिपक्यांचा टॉवेल, नुसता पिळवटला जातोय. ड्रेक्सलरच्या नावावर पहिल्या हाफमध्येच चार फाउल, पाचव्याला खेळाडू बाद. समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवरचं गाव, विरळ हवा, ओलाजुवॉनला धाप लागलेली. तरी दुसऱ्या हाफमध्ये पिछाडी भरून काढून आघाडी घेतली. आणि मग लुईसनी खेळ संथ केला! तेव्हा शॉट क्लॉक, म्हणजे ठरावीक सेकंदांत चेंडू फेकायचं बंधन, नव्हतं; चेंडू हवा तितका वेळ खेळवता यायचा. पण धावणं हीच ज्या संघाची ताकद, त्याला चालायला लावलं. समोरचा कोच जिम व्हल्वानोने लगेच ओळखलं आणि मुद्दाम फाउल करवून ह्यूस्टनच्या पोरांना फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकीच्या, रेषेवर उभं केलं. फ्री थ्रो म्हणजे या संघाची दुखरी नस. ५२-५२ असताना नवख्या आल्व्हिन फ्रँकलिनचा फ्री थ्रो हुकला. पहिला गेला तरच दुसरा मिळण्याचा नियम, म्हणजे दोन्ही गेले. मग डेरेक व्हिटेनबर्गने लांबून आंधळा फेकलेला चेंडू रिंगपर्यंतही पोचला नाही, तो खालीच लोरेन्झो चार्ल्सने झेलला आणि डंक केला, म्हणजे उडी मारून वरून रिंगमध्ये कोंबला. ५४-५२. हरलेल्या संघातला असूनही ओलाजुवॉन स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. असं त्यानंतर कुणाच्या बाबतीत झालेलं नाही.

८४ साली पुन्हा फायनल, पॅट्रिक एविंगच्या जॉर्जटाउनकडून सरळ हार. ड्रेक्सलर तोवर एनबीएत, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, गेलेला. त्या संघाबद्दल कुणी वाद घालत नाही.

माझं मत ६८. आता यावर चिरंजीव हसतात, कारण तो संघ सेमीफायनलला यूसीएलएकडून (लॉस एंजेलिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ) १०१-६९ असा हरला. "बाबा, बत्तीस गुणांनी?" हो, बत्तीस. पण दोन गुणांनी हरणं जास्त झोंबतं म्हणून आपण त्या संघाला वरचा नंबर देतो. किती झोंबलं हा दर्जाचा पुरावा कसा? भारत २०२३ ला सलग दहा सामने जिंकून अहमदाबादला फायनल सहा विकेटांनी हरला, म्हणून तो संघ हलका ठरतो का? यावर चिरंजीव गप्प. क्रिकेट काढलं की घरात जरा शांतता होते.

६८ च्या संघाने त्या स्पर्धेपर्यंत आणि स्पर्धेतही, सेमीफायनलआधी, एकही सामना गमावला नव्हता. एकतीस पैकी एकतीस. एल्विन हेजची सरासरी ३६.८ गुणांची. आणि त्यांनी यूसीएलएला हरवून दाखवलं होतं, २० जानेवारीला ह्यूस्टनच्या अॅस्ट्रोडोम स्टेडियममध्ये, ७१-६९. यूसीएलए तोवर सलग ४७ सामने जिंकलेली. त्यांचा लू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, डोळ्याच्या दुखापतीतून नुकता उठला होता हे मान्य. पण हेजने ३९ गुण केले, शेवटचे दोन फ्री थ्रोही त्याचेच. मार्चमध्ये मात्र आपला पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन खेळ चालवणारा, जॉर्ज रेनॉल्ड्स अपात्र ठरलेला, आणि सेमीफायनल लॉस एंजेलिसमध्ये, यूसीएलएच्या दारात.

गंमत म्हणजे शेजारच्या गृहस्थांनी जानेवारीचा तो सामना वडिलांबरोबर जाऊन पाहिलाय. ५२,६९३ माणसं, बेसबॉलच्या मैदानाच्या मधोमध एवढंसं लाकडी कोर्ट. खेळाडू काडेपेटीएवढे दिसत होते, दुर्बीण वडिलांच्या हातात आणि वडील काही देईनात. मला वाटलं, एक मत पक्कं झालं. तर म्हणतात, ८३!

का, तर ६८ चा संघ म्हणजे हेज. लॉस एंजेलिसला यूसीएलएने बचावाला चौघांचा चौकोन लावला, पाचवा लिन शॅकलफर्ड हेजच्या मानगुटीवर बसवला, आणि हेज दहा गुणांवर अडकला. बाकीच्यांकडे उत्तर नव्हतं. ८३ ला ड्रेक्सलर बाकावर होता तरी ते जिंकत आलेच होते ना? जो संघ एका माणसाला अडवून संपतो तो भारी माणूस, भारी संघ नव्हे.

मुद्दा बिनतोड वाटला. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर सुचलं, हेजकडे चेंडू पोचवायचा कुणी? रेनॉल्ड्सने. तोच नसेल तर चौकोन लावणं सोपंच. ८३ ला असं कुणी गैरहजर नव्हतं, ते पूर्ण संघ घेऊन हरले. सकाळी चिरंजीवांना ऐकवलं.

"जर-तर करायचंच असेल तर मी गेल्या वर्षीचा जमाल शेड आणतो," म्हणाला. "ड्यूकसमोर पहिल्या हाफमध्ये घोटा मुरगळला, तीन गुणांनी हरलो. तोही संघ घ्या यादीत."

घेतला. आता यादीत चार झाले, आणि शनिवारी शेजारचे पुन्हा चहाला येणार आहेत.