आमची वाटचाल : तीन फुटी टाकी आणि तिच्यात नांदणारे मासे

आमच्या व्यवसायाची सुरुवात माशांपासून नव्हे, तर काचेपासून झाली. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या धायरीकडील टोकाला वडिलांचे काचकामाचे छोटे दुकान होते. खिडक्यांची तावदाने, आरसे आणि किराणा दुकानांची शोकेस हीच तेव्हाची मुख्य कामे. नव्या सोसायट्या उभ्या राहू लागल्या तशी दिवाणखान्यात ठेवण्याच्या टाक्यांची मागणी येऊ लागली आणि सिलिकॉनने काच जोडण्याचे काम आम्ही हाती घेतले. त्या काळी सर्वाधिक खपणारे माप आजही तेच आहे : 36 इंच लांब, 12 इंच रुंद आणि 18 इंच उंच. गणिताने तिच्यात 127 लिटर पाणी मावते, परंतु तळाची खडी, दगड आणि वर सोडलेली मोकळी जागा वजा जाता माशांच्या वाट्याला 105 ते 110 लिटर येते. आठ मिलिमीटरची काच, खडी आणि पाणी धरून तिचे वजन दीडशे किलोच्या घरात जात असल्यामुळे ती एकदा ज्या भिंतीला लागली त्या भिंतीलाच राहते. मासे निवडताना ग्राहकाने हा 110 लिटरचा आकडा मनात धरावा, इतकेच आमचे पहिले सांगणे असते.

मासे मात्र ग्राहक दुसरीकडून आणत आणि टाकी आमची असल्यामुळे प्रश्न आमच्याकडे येत. शेपट्या कुरतडल्या जातात, छोटे मासे रात्रीतून नाहीसे होतात, एक मासा दिवसभर फिल्टरमागे दडून बसतो, अशा तक्रारी ऐकताना काचेचे काम करणाऱ्या आम्हांला माशांचे स्वभाव, त्यांची मूळ स्थाने आणि पाण्याचे गुणधर्म यांचा अभ्यास करावा लागला. त्यातूनच शेजारचा गाळा घेऊन आम्ही मासेविक्री सुरू केली आणि सुटा मासा विकण्यापेक्षा एकमेकांशी पटणाऱ्या माशांचा संच ठरवून देणे हेच आमचे काम, असे पहिल्यापासून ठरवले.

माल मुख्यतः तीन वाटांनी येतो. जवळचा बाजार कुर्ल्याचा. मोठ्या प्रमाणावर पैदास होते ती चेन्नईच्या कोळत्तूर भागात आणि कोलकात्याच्या आसपासच्या गावांत. प्राणवायू भरलेल्या पिशव्या थर्माकोलच्या खोक्यात घालून रात्रभराच्या प्रवासाने मासे येतात. बंद पिशवीत माशांच्या श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याची आम्लता वाढते आणि त्यामुळे विष्ठेतून तयार झालेला अमोनिया फारसा विषारी स्वरूपात राहत नाही. पिशवी उघडताच तो वायू उडून जातो, आम्लता घटून पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया घातक होतो. म्हणून लांबून आलेली पिशवी उघडी ठेवून तासभर वाट पाहणे हे चांगल्या हेतूने केलेले नुकसान ठरते. तापमान जुळेपर्यंत पिशवी बंदच तरंगत ठेवावी आणि उघडल्यावर मासे विनाविलंब हलवावेत. नवा माल आमच्याकडे दोन आठवडे मागच्या खोलीतील वेगळ्या टाक्यांत राहतो. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असल्यास या काळात तो बहुधा दिसून येतो, आणि ज्यांना तेवढा दम नसतो अशा ग्राहकांना आम्ही नम्रपणे थांबायला सांगतो.

माशांचे एकमेकांशी पटण्याआधी त्यांचे पाण्याशी पटावे लागते. पुण्यात हा प्रश्न फार रोचक आहे, कारण एकाच रस्त्यावर दोन प्रकारचे पाणी नांदते. खडकवासल्याहून येऊन पर्वती जलकेंद्रात शुद्ध होणारे महापालिकेचे पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचे, असते. आमच्या मीटरवर त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, बहुधा दीडशेच्या आत दिसतो. उलट धायरी, नऱ्हे, आंबेगाव या बाजूच्या अनेक सोसायट्या बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर चालतात आणि तिथे हाच आकडा सहाशेच्या पुढे जाताना आम्ही पाहिला आहे. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातून आलेले निऑन आणि कार्डिनल टेट्रा मूळचे मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्याचे रहिवासी आहेत. फार्ममध्ये वाढलेले निऑन थोडेफार जड पाणी सोसतात, परंतु बोअरच्या मचूळ पाण्यात त्यांचा रंग उतरतो आणि आयुष्य घटते. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची मॉली नेमकी उलट : तिला क्षार हवेत, आणि फार मऊ पाण्यात ती पुढे न सरकता जागच्या जागी डोलू लागते. गप्पी, प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे पिल्ले देणारे मासे मॉलीच्याच पंगतीतले होत. तेव्हा निऑन आणि मॉली भांडत नसले तरी त्यांना एका टाकीत सुचवणे आम्हांला पटत नाही. त्यांपैकी एक कोणीतरी कायम गैरसोयीत राहतो.

या फरकाला औषध म्हणून काही जण पूर्ण टाकी आरओच्या पाण्याने भरतात. त्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्यामुळे पीएच स्थिर राहत नाही. ते बोअरच्या पाण्यात मिसळून वापरावे, निव्वळ वापरू नये. महापालिकेच्या पाण्यातील क्लोरीन घालवण्यासाठी हायपोचे खडे मात्र लागतातच.

पाणी ठरल्यावर पुढचा प्रश्न वाढीचा. दुकानात मासे विकले जातात ते बालवयात, आणि पुष्कळशी फसगत तिथेच होते. पाच रुपयांच्या नाण्याएवढा एंजल वर्षभरात सहा इंचांचा होतो, परांसह उंचीला त्याहून अधिक भरतो, आणि मग जेमतेम दीड इंचाचा निऑन त्याच्या तोंडात सहज मावतो. यात एंजलचा दोष नाही. निसर्गातही तो लहान मासे खातो. शिवाय एंजलांची जोडी जमून त्यांनी अंडी घातली की तीन फुटी टाकीचा अर्धा भाग त्यांचा आणि उरलेल्या कोपऱ्यात बाकी सारे, असा देखावा दिसतो. ज्यांना एंजल हवाच आहे त्यांना आम्ही दोनच एंजल देतो आणि सोबतीला मोती गुरामी, कोरिडोरस किंवा रमीनोज टेट्राचे पूर्ण वाढलेले मासे सुचवतो. ‘शार्क’ या नावाने विकले जाणारे पंगेशियसचे पिल्लू तर मोकळ्या पाण्यात तीन-चार फुटांपर्यंत वाढते. त्याला मध्यम आकाराच्या घरगुती टाकीत जागा नाही, म्हणून आमच्याकडे तो मिळत नाही. टाकी लहान असली की मासा आपोआप लहान राहतो, अशी एक समजूत रूढ आहे. प्रत्यक्षात तो खुरटतो, त्याचा कणा वाकतो आणि तो लवकर मरतो.

स्वभावाबद्दल सर्वाधिक बोलावे लागते ते टायगर बार्बविषयी. सुमात्रा-बोर्निओकडचा हा पट्टेदार मासा दिसायला देखणा, खाऊ घालायला सोपा आणि दरात परवडणारा असल्यामुळे लोक त्याचे दोन-तीन नग घेऊन एंजल, गप्पी किंवा फायटरच्या टाकीत सोडतात, आणि चार दिवसांत त्या माशांचे लांब पर झिरमिळ्यांसारखे फाटलेले दिसतात. टायगर बार्ब हा थव्याचा मासा आहे. आठ-दहांचा थवा असला की मानापमान, पाठलाग आणि चावाचावी आपापसांतच चालते, इतरांना फारसा त्रास होत नाही. संख्या कमी असली की तो सगळा उत्साह शेजाऱ्यांवर उतरतो. म्हणून आमच्याकडे टायगर बार्ब आठांच्या खाली दिला जात नाही, आणि लांब परांचा कोणताही मासा असलेल्या टाकीसाठी तर दिलाच जात नाही. त्याच्या सोबतीला झेब्रा डॅनिओ उत्तम. हा गंगेच्या खोऱ्यातील आपला देशी मासा इतका चपळ आहे की बार्बच्या तो हाती लागत नाही. तळाला उत्तर भारतातील यो-यो लोच ठेवल्यास टाकीत माजणाऱ्या गोगलगायींचाही बंदोबस्त होतो. मऊ आणि मध्यम जड अशा दोन्ही पाण्यांत हा संच टिकतो, आणि नव्याने छंद सुरू करणाऱ्या घरातील मुलांना तो दिवसभर हलता-फिरता दिसतो, हा आणखी एक लाभ.

शांत संच हवा असेल आणि पाणी मऊ असेल तर बारा निऑन, सहा कोरिडोरस आणि मोती गुरामीची एक जोडी आम्ही सुचवतो. गुरामी वरच्या थरात, टेट्रा मध्ये आणि कोरिडोरस तळाशी वावरत असल्यामुळे टाकी भरलेली वाटते, पण दाटी होत नाही. मोती गुरामीऐवजी निळी गुरामी चालेल का, असे विचारले जाते. निळ्या गुरामीचे नर वयात आल्यावर तापट होतात, म्हणून आम्ही नाही म्हणतो. कोरिडोरस घेणाऱ्यांना दोन गोष्टी आवर्जून सांगतो. एक, टोकदार खडीवर त्यांच्या मिशा झिजतात, तेव्हा तळाला वाळू किंवा गोल बारीक खडी असावी. दुसरी, टाकीत मूठभर मीठ टाकण्याची आपल्याकडची सवय मॉलीला मानवली तरी कोरिडोरसला मानवत नाही.

वास्तुशास्त्राचा आणि फेंगशुईचा विषय आमच्या धंद्यात टाळता येत नाही. आठ सोनेरी आणि एक काळा अशा नऊ गोल्डफिशची मागणी आजही येते. आमची श्रद्धेबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती 110 लिटरबद्दल. गोल्डफिश सहा ते आठ इंच वाढतो, भरपूर खातो, त्याहून भरपूर घाण करतो आणि त्याला थंड पाणी मानवते; नऊ गोल्डफिशना तीन फुटी टाकी कशीही पुरत नाही. त्यावर आम्ही काढलेला तोडगा ग्राहकांना मनापासून आवडला : आठ सोनेरी प्लॅटी आणि एक काळी मॉली. रंग तेच, संख्या तीच, दोघांनाही जड पाणी चालते आणि दोघेही शांत. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवल्या की नरांचा त्रास माद्यांमध्ये वाटला जातो. पिल्ले होतील हे मात्र आधीच सांगावे लागते, नाहीतर संख्येचा शकुन महिन्याभरात बिघडतो. हा संच आज धायरी-नऱ्हे भागात आमच्याकडून सर्वाधिक जातो.

सकर मासा ‘टाकी साफ ठेवतो’ म्हणून घेतला जातो. तो लहानपणी काचेवरचे शेवाळ खातो हे खरे, पण मोठेपणी एक फुटाच्या पुढे जातो, स्वतः पुष्कळ घाण करतो आणि गोल्डफिशसारख्या संथ माशांच्या अंगावरचा बुळबुळीत थर ओरबाडतो. नकोसा झाला की लोक तो नदीत किंवा तलावात सोडून येतात आणि तिथे तो देशी माशांच्या जिवावर उठतो. आम्ही सकर विकणे बंद केले आहे, आणि ज्यांच्याकडे वाढलेला सकर आहे त्यांच्याकडून तो परत घेऊन मोठ्या टाक्या असलेल्या ग्राहकांना देतो. रंग टोचलेले गुलाबी-निळे विडो टेट्राही आम्ही ठेवत नाही. तो रंग काही महिन्यांत जातो आणि टोचण्याच्या जखमांमुळे मासा रोगाला लवकर बळी पडतो. या नकारांमुळे गल्ल्यावर परिणाम झाला नाही असे म्हणता येणार नाही. शनिवार-रविवारी मुलांना घेऊन येणारे पालक रंगीत विडो नाही म्हटल्यावर पुढच्या दुकानात जातात, आणि जाऊ देण्याखेरीज इलाज नसतो.

सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील नद्यांतून आलेला, लाल पट्ट्याचा डेनिसन बार्ब, ज्याला बाजारात मिस केरळ म्हणतात, त्याची चौकशी जाणकार ग्राहक करतात. 2013 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीगटाला सह्याद्रिया हे नाव दिले. निसर्गात तो संकटग्रस्त आहे, आणि सहा इंचांपर्यंत वाढणाऱ्या या वेगवान पोहणाऱ्या माशाला थव्यासह किमान चार फुटी टाकी हवी. तीन फुटी टाकीसाठी तो मागणाऱ्यांना आम्ही आपल्याच देशातील रोझी बार्ब दाखवतो, आणि बहुतेकांचे समाधान होते.

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा रेल्वे आणि विमाने थांबून माल येणे बंद झाले. दुकानातील माशांना जगवणे हेच काम उरले. त्या काळात फोनवरून ग्राहकांच्या टाक्यांची चौकशी करता करता आम्ही प्रत्येक टाकीची नोंद ठेवू लागलो : पाणी कुठले, टीडीएस किती, कोणते मासे, कधी सोडले. पुढे निर्बंध उठले, घरी बसलेल्या लोकांमध्ये या छंदाची ओढ वाढली आणि ती नोंदवही आमच्या वार्षिक देखभाल सेवेचा पाया ठरली. आज विक्रीइतकेच उत्पन्न देखभालीतून येते. डिसेंबर-जानेवारीत पुण्यात रात्रीचे तापमान दहा अंशांच्या खाली उतरते तेव्हा शंभर वॅटचा हीटर कोणाकडे आहे आणि कोणाकडे नाही, हे त्या वहीतूनच कळते.

नवी टाकी देताना आम्ही मासे त्याच दिवशी देत नाही. फिल्टरमध्ये अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यांना लवकर रुजवायचे असेल तर आमच्या जुन्या टाकीतील फिल्टरचा स्पंज आम्ही विनामूल्य देतो. त्यानंतर आधी काटक मासे, म्हणजे झेब्रा किंवा प्लॅटी, मग आठवड्याच्या अंतराने बाकीचे, आणि आपली हद्द आखणारा मासा सर्वांत शेवटी, हा आमचा क्रम आहे. आधी आलेला मासा टाकीवर मालकी सांगतो, त्यामुळे भांडखोराला उशिरा आणणे सर्वांच्याच हिताचे ठरते.

जुन्या टाकीत भर घालण्यासाठी येणाऱ्यांना आमची विनंती एवढीच असते की येताना घरच्या पाण्याची एक बाटली, टाकीची लांबी-रुंदी-उंची आणि आत असलेल्या माशांचे मोबाइलवरील छायाचित्र घेऊन यावे. पाणी आम्ही काउंटरवरच तपासतो, मासा देण्याजोगा असेल तर देतो, आणि नसेल तर कोणता चालेल ते कागदावर लिहून देतो. तो मासा आमच्याकडूनच घ्यावा असा आग्रह नसतो.