हायलंड हिल्सचा रोप टो आणि माझे दोन हात

मिनियापोलिसला येऊन सहा हिवाळे झाले, स्नोबोर्ड शिकून तीन, पण टेरेन पार्कच्या, म्हणजे उड्या आणि करामती करायच्या उताराच्या, बाजूला मी कधी फिरकले नव्हते, कारण तिथे वर जायला चेअरलिफ्टची खुर्ची नाही, रोप टो, म्हणजे सतत वर सरकणारी दोरी, ती हाताने धरायची. परवाच्या शनिवारी भाच्याने "मावशी, एकदा तरी चल" म्हणून ओढत नेलं, आणि मग त्या दोरीने अक्षरशः ओढत नेलं.

जागा म्हणजे ब्लूमिंग्टनचं हायलंड हिल्स. मॉल ऑफ अमेरिका ज्या गावात आहे तेच गाव, त्यामुळे भारतातून आलेले पाहुणे निम्म्या रस्त्यापर्यंत गेलेलेच असतात. शेजारी बुश लेकची स्की जंपची उंच घसरगुंडी दिसते, तीच खूण धरायची. डोंगर म्हणावा तर उंची १७५ फूट, म्हणजे सतरा-अठरा मजली बिल्डिंग. उंच डोंगरांचे कोलोरॅडोवाले हसतात, हसू देत. रेल (बोर्डने वरून घसरायचे लोखंडी दांडे), बॉक्स (तसेच, पण रुंद आणि सपाट), उड्या मारायचे ढिगारे हे सगळं त्या एवढ्याशा उतारावर मांडलेलं असतं आणि खाली यायला अर्धा-एक मिनिट लागतं. मग वर जायला किती वेळ लागतो यावरच सगळा खेळ आहे ना.

चेअरलिफ्टला काय होतं, लाइनीत उभं राहा, स्नोबोर्डवाल्यांनी मागचा पाय सोडवा, एका पायाने लंगडत खुर्चीपर्यंत जा, बसा, वारा खा, वर उतरताना धडपडा, मग परत बर्फात बसून पाय बांधा. रोप टोला दोन्ही पाय बांधलेलेच, दोरी धरली की वर, सोडली की लगेच पुढचा रेल. पहिल्या तासात माझ्या नऊ फेऱ्या झाल्या आणि भाच्याच्या पंचवीस. त्यातल्या तीन वेळा मी दोरीवरच पडले हे धरूनही नऊ! एकच रेल पंचवीस वेळा केला तर पंचविसाव्या वेळी तो जमतोच, आणि पार्कची पोरं दोरीवर एवढा जीव का टाकतात ते तेव्हा कळलं. पलीकडच्या बर्न्सव्हिलच्या बक हिलवर स्कीपटू लिंडसे व्हॉन लहानपणी अशाच छोट्या उतारावर दोरी धरून फेऱ्यांवर फेऱ्या मारायची, पुढे २०१० ला ऑलिंपिक सुवर्ण. मला अर्थात फक्त खांदेदुखी मिळाली.

दोरी पकडायची कशी? मी डोंबिवलीची, त्यामुळे हे मला एका झटक्यात समजायला हवं होतं. चालती लोकल पकडताना आपण आधी तिच्या वेगाला लागतो की नाही, तस्संच. मी पहिल्यांदा गच्च मूठ आवळली, दोरीने हिसका दिला, मी तोंडावर. बरोबर रीत अशी की बोर्ड दोरीला समांतर, टोक वर, दोरी आधी ग्लोव्हमधून सरकू द्यायची आणि मूठ हळूहळू आवळायची, बोर्ड हलला की मगच पक्की धरायची. पुढचा हात पुढे, मागचा हात कमरेच्या मागे नेऊन तिथेही दोरी धरायची, म्हणजे सगळा भार एका खांद्यावर येत नाही. बोर्ड सपाट ठेवायचा, कड रुतली की गेलात. पडलात तर दोरी सोडून ताबडतोब बाजूला लोळायचं, मागून कोणीतरी येतच असतं. आणि पुढच्याच्या अगदी पाठीला चिकटून निघू नका, तो पडला की तुम्ही त्याच्यावर.

ग्लोव्ह्जबद्दल मात्र हात जोडून सांगते, महागडे स्की ग्लोव्ह्ज घालून जाऊ नका. माझ्या नव्या जोडीचा तळवा एका संध्याकाळीत सोलून निघाला. इथले जुने लोक चॉपर घालतात, म्हणजे जाड चामड्याचे मिटन आणि आत लोकरीचं अस्तर, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात, तेच घ्या. मार्चमध्ये दोरी ओली होते तेव्हा जास्तीची जोडी गाडीत असू दे. मफलर, मोकळे केस, जॅकेटच्या लोंबणाऱ्या नाड्या सगळं आत खोचा, दोरी नुसती सरकत नाही तर स्वतःभोवती पीळही घेते आणि त्यात काही अडकलं तर गंमत नाही. वर सोडायची जागा चुकली तर पुढे एक तार किंवा फाटक असतं, त्याला धक्का लागला की टो बंद पडतो. मी ते एकदा बंद पाडलं, मागच्या वीस पोरांनी काय म्हटलं ते ऐकू आलं नाही असं दाखवलं.

खुर्ची वाईट असं अजिबात नाही हं. अगदी नवशिके असाल, लहान मूल असेल, खांदा-मनगट दुखरं असेल तर सरळ चेअरलिफ्ट, हायलंडला तीही आहे. मॅजिक कार्पेट, म्हणजे एअरपोर्टसारखा सरकता पट्टा, सगळ्यात सोपा पण गोगलगाय. गुलमर्गला मी ती दोन पायांच्या मध्ये गोल चकती घेऊन ओढून नेणारी ड्रॅग लिफ्ट केली होती, तिथे हातांना आराम, फक्त चकतीवर बसायचा मोह टाळायचा, बसलात की खाली. टी-बारचंही, म्हणजे चकतीऐवजी उलट्या टी आकाराचा दांडा असतो त्याचंही, तेच. पण उणे पंधराला खुर्चीत लटकून गारठण्यापेक्षा दोरीवर अंग गरम राहतं हा फायदा इथल्या हिवाळ्यात लहान नाही.

अमेरिकेतली पहिली दोरी १९३४ ला व्हरमॉंटच्या वूडस्टॉकमध्ये फोर्डच्या मॉडेल टी गाडीच्या इंजिनावर चालवली होती. दोनच वर्षांनी सन व्हॅलीत पहिली चेअरलिफ्ट आली, तिची कल्पना सुचली केळ्यांचे घड जहाजात चढवायच्या यंत्रावरून. म्हणजे खुर्चीत बसलेले आपण सगळे मुळात केळी.

जाणार असाल तर आधी साध्या उतारावर दोन तास घालवा, पार्कमध्ये सगळ्यात छोट्या बॉक्सपासून सुरू करा, निघायच्या आधी वर बघा आणि मोठ्याने "ड्रॉपिंग" (म्हणजे मी निघाले) ओरडा, लाजू नका. उडीच्या खाली, जिथे वरून दिसत नाही तिथे, थांबायचं नाही. दोरीवर दर अर्ध्या तासाने ब्रेक घ्या, पायांच्या आधी हात संपतात. मी ब्रेक न घेता साडेतीन तास रेटले, रविवारी लोणच्याची बरणी भाच्याकडून उघडून घ्यावी लागली आणि त्याने त्याबद्दल ट्रोलहॉगनची ट्रिप कबूल करून घेतली. तेही दोरीवालं पार्क, विस्कॉन्सिनच्या ड्रेसरला, इथून तासभर. चॉपर घेतलेत, बघू.