मेरी जोन्सचा खटला, सकाळच्या वर्गात

आमचं लॉ कॉलेज सकाळचं. बरीच मुलं वर्ग संपला की थेट कामावर जातात. त्या दिवशी भारतीय न्याय संहितेचं कलम 303, म्हणजे चोरी शिकवायची होती. शिक्षेची तरतूद वाचण्याआधी मी त्यांना ब्रिटिश संसदेतलं 13 मे 1777 चं भाषण सांगितलं.

बोलणारे सर विल्यम मेरेडिथ. चेशायरमधल्या हेन्बरीचे बॅरोनेट (हा वंशपरंपरेने मिळणारा किताब), लिव्हरपूलचे खासदार, सरकारात पदं भोगलेले. बंडखोर म्हणावं असं काही नाही. आदल्या डिसेंबरात पोर्ट्समथच्या गोदीला आग लावली गेली होती आणि जाळपोळीला फाशी देणारं नवं विधेयक सभागृहापुढे होतं. अशा तापल्या वातावरणात हा माणूस मेरी जोन्सची बाजू मांडायला उभा राहिला.

त्यांनी सांगितलं ते असं. मेरी एकोणीस वर्षांचीही नव्हती. फॉकलंड बेटांवरून युद्धाची धास्ती होती, तेव्हा तिच्या नवऱ्याला नौदलात जबरदस्तीने धरून नेलं. कर्जापोटी सामान जप्त झालं, आणि ती दोन लेकरांसह लंडनच्या रस्त्यांवर भीक मागू लागली. एका दुकानात तिने जाडंभरडं कापड उचलून झग्याखाली घेतलं. दुकानातल्या माणसाने पाहिलं, तशी तिने ते परत ठेवलं. पण दुकानातून पाच शिलिंगांचा माल चोरला तरी फाशी, असा 1699 चा कायदा होता. 1771 मध्ये तिला टायबर्नला, लंडनच्या फाशीच्या जागी, नेलं, तेव्हा तान्हं मूल तिच्या अंगावर पीत होतं. कायद्याने केलेल्या या खुनाहून नीच खून झाला नसेल, असं मेरेडिथ म्हणाले.

कापडाच्या दुकानात काम करणारा एक विद्यार्थी उठला. “मॅडम, माल परत ठेवला ना, की आम्ही शेटना सांगतसुद्धा नाही.”

“पण चोरी झालीच की!” मागून आवाज आला.

झालीच. अप्रामाणिक हेतूने वस्तू हलवली की गुन्हा पुरा होतो. मात्र याच कलमात आता वेगळी वाट आहे: माल पाच हजारांच्या आतला, दोषी ठरण्याची पहिलीच वेळ आणि माल परत केलेला, तर शिक्षा समाजसेवेची.

इथवरची वाट सोपी नव्हती. मेरेडिथ 1790 मध्ये वारले. त्यानंतर वीस वर्षांनी खासदार सॅम्युअल रोमिली यांनी विधेयक आणून दुकानातल्या चोरीची फाशी रद्द करू पाहिली. ते लॉर्ड्सनी, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहाने, फेटाळलं. म्हणूनच मुलांनी कलमाआधी मेरीला ओळखावं, असा माझा आग्रह असतो. तिच्या बाजूने, आजच्या कलमाखाली, शिक्षेवरचा युक्तिवाद लिहून आणायला सांगितला आहे. नवऱ्याला कोणी नेलं, तिथून सुरुवात करायची.