नुसतं बोलून काय होतं?

स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर कोपरखैरणे स्टेशनच्या जिन्यावर एका माजी विद्यार्थ्याच्या आईनं मला हे विचारलं: "बाई, तुम्ही म्हणे समुपदेशकाकडे जाता. पण नुसतं बोलून काय होतं?" माझ्या जाऊबाईंनी त्यात आणखी एक वाक्य जोडलं, "आणि बोलायचंच होतं, तर आम्ही नव्हतो का?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, दुखावलेपण होतं. म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

आधी काय झालं ते सांगते. मी ठाण्यात, चरईत राहते. कोपरखैरण्याच्या एका शाळेत गणित शिकवते आणि वीस वर्षं ट्रान्स-हार्बर लोकलनं ये-जा करते. २०२४ च्या जुलैमधली गोष्ट. गाडीनं दिघा गाव सोडलं आणि लेडीज डब्यात उभ्या उभ्या माझ्या छातीत धडधड सुरू झाली. हाताला मुंग्या, घशाला कोरड, आणि 'आता संपलं' ही खात्री. ऐरोलीला उतरून बाकावर बसले. अर्ध्या तासात सगळं ओसरलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. ईसीजी, टूडी एको, थायरॉईड सगळं झालं, सगळं नॉर्मल आलं. तरी दिवाळीपर्यंत मी तासभर लवकर निघायला लागले होते, रिकाम्या गाडीसाठी. दारापाशीच उभी राहायचे. पर्समध्ये जिभेखाली ठेवायची गोळी होती, जी मला कुठल्याही डॉक्टरनं लिहून दिलेली नव्हती. शेवटी आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, "धडधड खरी आहे, पण तुमचं हृदय ठणठणीत आहे. याला पॅनिक अटॅक म्हणतात. समुपदेशकाला भेटा."

माझं लहानपण डोंबिवलीत गेलं. तिथे कुणी विक्षिप्त वागलं की मोठी माणसं "याला ठाण्याला पाठवा" म्हणायची. ठाण्यात १९०१ पासून मनोरुग्णालय आहे, त्यावरून आलेलं हे बोलणं. लग्न होऊन मी त्याच ठाण्यात आले. इथेच १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली आणि मनाच्या आजारांबद्दल मराठीत मोकळेपणानं बोलायची सवय इथल्या पुष्कळ घरांना लागली. पालकसभेत मी स्वतः कितीतरी आईवडलांना सांगितलं आहे, मुलाला समुपदेशकाकडे न्या म्हणून. स्वतःसाठी फोन लावायला मला तीन महिने लागले. लहानपणी कानावर पडलेलं वाक्य किती खोल बसतं, ते तेव्हा कळलं.

पहिल्यांदा ज्यांच्याकडे गेले तिथे दोन भेटींतच थांबले. जास्त विचार करू नका, सकारात्मक राहा, ध्यान करा, हे ऐकून घरी यायचे आणि आणखी अपराधी वाटायचं. 'हे आपल्यासाठी नाही' असा निष्कर्ष मी जवळजवळ काढलाच होता. तो चुकीचा ठरला असता. समोरच्या माणसाचं शिक्षण काय, या त्रासावर त्यांनी पूर्वी काम केलंय का, कोणत्या पद्धतीनं, हे पहिल्या फोनवर विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. औषधं फक्त डॉक्टर देऊ शकतात, बहुतेक वेळा मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे मनोविकारांचे डॉक्टर. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, म्हणजे औषधांशिवाय उपचार करणाऱ्या प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञांची, नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नुसती 'समुपदेशक' ही पाटी पाहून काहीच गृहीत धरू नये. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही, म्हणून इथे सांगते.

दुसऱ्या मॅडम तलावपाळीपासून चालत पाच मिनिटांवर बसतात. माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान असतील. पहिल्या दिवशी त्यांनी गोपनीयतेबद्दल स्पष्ट सांगितलं: इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, पण माझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका दिसला, किंवा लहान मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची गोष्ट निघाली, तर त्यांना गप्प बसता येणार नाही. पोक्सो कायदा आम्हा शिक्षकांनाही पाळावा लागतो, त्यामुळे ते मला लगेच पटलं. मग त्यांनी विचारलं, "काय बदललं म्हणजे इथे येणं कामी आलं असं तुम्ही म्हणाल?"

मी म्हटलं, "ते तुम्हीच सांगा. तुम्ही त्यातल्या जाणकार."

"घाबरण्याची पद्धत मला माहीत आहे," त्या म्हणाल्या, "तुमची गाडी मला माहीत नाही."

मी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हटलं, सकाळच्या गर्दीच्या गाडीनं, मध्ये कुठेही न उतरता, ठाणे ते कोपरखैरणे. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे. त्यांनी ती स्टेशनं माझ्याकडूनच कागदावर लिहून घेतली.

मला एक वही मिळाली. प्रसंग काय, शरीरात काय झालं, मनात कोणतं वाक्य आलं, भीती शंभरपैकी किती, आणि प्रत्यक्षात काय घडलं, असे रकाने आखलेले. आरन बेक या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या विचारांतून वाढलेल्या सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलणाऱ्या) या उपचारपद्धतीत असा गृहपाठ असतोच. मी सुवाच्य अक्षरात वही भरत गेले. भीती ८०, मग ३०. भीती ७५, मग २५. मॅडम वाचायच्या, मान डोलवायच्या, आणि एक दिवस शांतपणे म्हणाल्या, "तुमचे आकडे फार छान उतरतात. गाडीतही असेच उतरतात का?"

त्या आठवड्याच्या चारही नोंदी मी आदल्या रात्री जेवणानंतर एका बैठकीत लिहिल्या होत्या. सकाळी बाकावर घाईघाईनं गृहपाठ उतरवणारी मुलं मी सव्वीस वर्षं पाहिली आहेत. उत्तर बरोबर असतं आणि मुलाला काही आलेलं नसतं. मी बाईंना आवडेल असं उत्तर लिहीत होते. ते कबूल करताना माझे कान गरम झाले. पण एक खरं बोलल्यावर दुसरंही बोलता आलं. त्यांनी शिकवलेला डोळे मिटून श्वास मोजण्याचा सराव मला अजिबात मानवत नव्हता. डोळे मिटले की ठोके आणखी मोठ्यानं ऐकू यायचे. हे मी तीन भेटी लपवून ठेवलं होतं. मला वाटलं, त्या मला पुन्हा नीट करून पाहा म्हणतील. त्यांनी तो सराव बंदच केला. "बरं झालं सांगितलंत," म्हणाल्या. "तुम्ही तो श्वास पर्समधल्या गोळीसारखा वापरत होतात. मला आधी लक्षात यायला हवं होतं."

खरं काम तिथून सुरू झालं. धडधड झाली की तिचा अर्थ मन लावतं, 'हा हार्ट अटॅक'. त्या अर्थानं भीती वाढते, भीतीनं ठोके वाढतात, आणि वाढलेले ठोके त्या अर्थाचा पुरावा ठरतात. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये मांडलेलं हे चक्र मॅडमनी फळ्यावर काढलं, आणि दर वेळी ऐरोलीला उतरल्यामुळे मी त्याला कशी मदत करत होते, तो बाण मी काढला. उतरले म्हणून वाचले, असं मनाला दर वेळी वाटायचं. न उतरताही वाचले असते, हे त्याला कधी पाहायलाच मिळालं नव्हतं.

मग एका भेटीत आम्ही दोघी त्या लहानशा खोलीत जागच्या जागी पळलो. एक मिनिट, घड्याळ लावून. मी साडीत, त्या सलवार-कमीजमध्ये. थांबल्यावर दोघींचे ठोके मोजले. माझे १२८, त्यांचे १३४. "आता माझा हार्ट अटॅक आहे असं वाटतंय का तुम्हाला?" त्यांनी विचारलं. मला रडू आलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा माझं हृदय जोरात धावत होतं आणि मी त्याला घाबरत नव्हते. (माझं हृदय आधी तपासलेलं होतं म्हणून हे केलं. तपासणी न करता घरी कुणी करू नये.)

जाऊबाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. तुम्ही होतात. पण तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही माझ्याबरोबर घाबरला असतात, मला एकटीला गाडीनं जाऊ दिलं नसतं, रोज ऑफिसला जायच्या आधी भाऊजींना मला सोडायला लावलं असतंत. ते प्रेमच असतं. आणि मी कधीच गाडीत चढले नसते. माझ्या बहिणीला थोडंसं सांगितलं तर ती रडायला लागली आणि तिची समजूत काढण्यात माझी संध्याकाळ गेली. आपल्या माणसांशी बोलताना आपण त्यांनाही सांभाळत असतो. त्या खोलीत मला समोरच्या बाईला सांभाळायचं नव्हतं.

वही खरी लिहायला लागल्यावर 'मनात आलेलं वाक्य' या रकान्यात एक शब्द पुन्हा पुन्हा यायला लागला: बाबांसारखं. मॅडमनी त्यावर बोट ठेवलं. "बाबांसारखं म्हणजे?"

माझे वडील १९८९ मध्ये डोंबिवलीच्या प्लॅटफॉर्मवर, ऑफिसची गाडी पकडताना कोसळले. हार्ट अटॅक. एक्कावन्न वर्षांचे होते. मी सोळा वर्षांची होते. २०२४ च्या जुलैत मला एक्कावन्न वर्षं पूर्ण झाली. मी गणिताची शिक्षिका, आणि ही वजाबाकी मी कधी मांडली नव्हती. मॅडमनीही ती मांडली नाही. त्यांनी फक्त विचारलं आणि थांबल्या.

सगळं सरळ चढत गेलं असं समजू नका. आम्ही पायऱ्या ठरवल्या होत्या: आधी दुपारची रिकामी गाडी, मग दारापासून लांब, मग गोळी घरी ठेवून, मग गर्दी. सातव्या आठवड्यात मॅडमनी सोमवारची सकाळची गाडी सुचवली. मला ते झेपणार नाही असं आतून वाटत होतं, तरी मी "बरं" म्हटलं. रबाळ्याला उतरले आणि थेट घरी परत आले. पुढच्या भेटीला जाणारच नव्हते. गेले आणि म्हटलं, "मला ही पायरी मोठी वाटत होती, पण तुम्हाला नाही म्हणवलं नाही." त्या म्हणाल्या, "घाई माझी झाली. आणि तुमचं 'बरं' मी तपासून पाहिलं नाही." मग वही मध्ये ठेवून आम्ही पायऱ्या पुन्हा आखल्या, या वेळी पेन्सिल माझ्या हातात. एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये समुपदेशक आणि त्यांच्याकडे येणारा माणूस यांच्या नात्याचे तीन भाग सांगितले आहेत असं मी नंतर वाचलं: कुठे पोचायचं यावर एकमत, काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला विश्वास. दुसरा भाग आमच्याकडे त्या सोमवारी मोडला होता. मोडला हे बोलल्यामुळे तिसरा पक्का झाला.

आता गर्दीच्या गाडीनं जाते. धडधड अधूनमधून होते. ऐरोली येतं आणि जातं. भेटी आठवड्यावरून पंधरवड्यावर आणि आता महिन्यावर आल्या आहेत. मला औषधं लागली नाहीत. माझ्या एका सहकारी बाईंना लागली आणि त्यांचा फायदा झाला, तेव्हा त्याबद्दल माझ्या गोष्टीवरून काही ठरवू नका. फी झेपत नसेल किंवा कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल, तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक आहे. तो मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

मागच्या महिन्यात मॅडमनी विचारलं, पायऱ्या संपल्या का? मी वहीत खाली आणखी एक लिहिली. डोंबिवलीचा तो प्लॅटफॉर्म. छत्तीस वर्षांत मी त्यावर उभी राहिलेली नाही. माहेरी जाताना दर वेळी कल्याणला उतरून रिक्षा करायचे आणि दरवेळी त्याला वेगळं कारण द्यायचे. भावाला फोन करून सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. पुढच्या मे महिन्यात त्यालाही एक्कावन्न वर्षं पूर्ण होतील. मग म्हणाला, "मीही येतो." रविवारी जातोय. वेळ त्यानंच ठरवली आहे, बाबांच्या गाडीची.