टाकी अर्धी झाली की

सावंतवाडीत माझं गॅरेज आहे. येतात त्या ट्रॅव्हलर, ट्रॅक्स, पिकअप. म्हणून जानेवारीत जर्मन नंबरप्लेटची मर्सिडीज 207 डी दारात येऊन बंद पडली तेव्हा पोरं बिचकली. 1986 ची गाडी. आत पलंग, शेगडी, सिंक, खिडक्यांना पडदे. पण बॉनेट उघडलं तर आपलंच घर. ओएम 616, चार सिलिंडर, 2.4 लिटर. हेच इंजिन बजाज टेम्पोने परवान्यावर इथे बनवलं, आणि आपली जुनी ट्रॅव्हलर म्हणजे याच गाडीची सख्खी बहीण. ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, नाही, सेन्सर नाही. स्कॅनर जोडल्याशिवाय पाना न उचलणाऱ्या हल्लीच्या कारागिरांनी इथे काय केलं असतं कोण जाणे.

गाडीसोबत सत्तरीतले आजी-आजोबा. त्यांचा मोबाइल हिंदीत बोलायचा. चालता चालता गाडी मिसिंग करते, बंद पडते, प्रायमर, म्हणजे डिझेल ओढायचा हातपंप, दाबत बसलं की पुन्हा सुरू होते. आजोबा हे सांगताना सारखे डिझेलच्या काट्याकडे बोट दाखवत होते. मला वाटलं, टाकीत डिझेल आहे असं सांगतायत. मी म्हटलं, हो हो, दिसतंय.

प्रायमर दाबला, हाताला ढिला लागला. टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप गेला, असं मी जाहीर करून टाकलं. ट्रॅव्हलरचाच पंप तंतोतंत बसला, सोबत फिल्टर आणि तांब्याचे वॉशर नवे. लाइनमधली एअर काढली, सेल्फ मारला, एका दमात सुरू. आजोबा समोरच्या पंपावर टाकी फुल करून आले. दोन दिवस गावात फिरले. एकदाही बंद पडली नाही. मी मिशीला पीळ देऊन.

तिसऱ्या दिवशी बेळगावला निघाले. दाणोली सोडून आंबोलीचा चढ लागला आणि फोन आला.

यावेळी आधी करायला हवं होतं ते केलं. पाच लिटरचा कॅन आरशाला टांगला, त्यातून पाइप थेट फीड पंपाला. अर्धा तास इंजिन एकसुरात. म्हणजे पंप, फिल्टर, नोझल सगळं निर्दोष, दुखणं टाकीकडे. मग टाकीची लाइन परत जोडून मध्ये गवंड्याच्या लेव्हलची पारदर्शक नळी घातली. मोहरीएवढे बुडबुडे, एकामागून एक. लाइन एअर धरत होती, पण डिझेल कुठेच ठिबकत नव्हतं. ओढणाऱ्या बाजूचं हेच असतं. चिरेतून हवा आत जाते, बाहेर काही दिसत नाही.

मी क्लिपा आवळत बसलो होतो. पोरगा गाडीखालून ओरडला, "काका, ह्यो बारको पाइप खंय जाता?"

पलंगाखालच्या हीटरला जात होता. थंड मुलखातली गाडी, रात्री ऊब द्यायला डिझेलवर चालणारा हीटर, त्यासाठी मेन लाइनला टी, म्हणजे फाटा काढायचा जोड, मारलेला. कोकणात तो कोण लावणार? पाइप सुकून गेला होता. वाकवल्यावर तडकला, बोटांना काळी भुकटी लागली. टाकी भरलेली असली की डिझेल वर असतं, ओढ कमी लागते, चीर गप्प राहते. अर्ध्याखाली गेलं की पंपाला जोर लावावा लागतो, त्यात चढावर टाकी आणखी खाली. काट्याकडे बोट होतं ते यासाठी.

म्हणजे गाडी दोन दिवस चालली ती माझ्या पंपामुळे नाही, फुल टाकीमुळे. टी काढला, नवा पाइप, दोन क्लिपा. पंधरा मिनिटांचं काम. मजुरी घेतली नाही. पंपाचे 2,800 मात्र परत केले नाहीत, त्यांनीही विचारलं नाही. गाडी घाट चढून गेली.

त्यांचा जुना पंप फळीवर आहे. काल धुऊन, तोंडावर अंगठा धरून दांडा दाबून पाहिला. अंगठा सोडवेना, इतका घट्ट ओढतोय.