पाच माणसं, अडीच तिकिटं

नववीचा शेवटचा पेपर २०२५ च्या २५ एप्रिलला संपला. दहावीच्या क्लासची व्हेकेशन बॅच ५ मेपासून होती. म्हणजे सुट्टी नावाची गोष्ट नऊ दिवसांची. मेमध्ये काश्मीरला जायचं ठरलं होतं, त्यासाठी क्लासमधून आठ दिवस सूटही मागून ठेवली होती. मग पहलगामच्या दहशतवादी हल्ल्याची बातमी आली आणि बाबांनी आरक्षण रद्द केलं. त्यावर घरात फार बोलणं झालं नाही.

मग आजी म्हणाली, "एसटीनं जाऊ की कुठंतरी. मला फुकट आहे."

हे वाक्य ऐकून बाबांनी हिशेब मांडला. आजी शहात्तर वर्षांची, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी मोफत. आईला आणि मला महिला म्हणून अर्धं तिकीट. धाकटा अकरा वर्षांचा, त्यालाही अर्धं. पूर्ण तिकिटाचे धनी एकटे बाबा. पाच माणसांत अडीच तिकिटं! तुमच्या घरातही आजी असेल तर हा हिशेब जरूर करून बघा. आजीचं मूळ आधार कार्ड हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाशी नको, कारण कंडक्टर हमखास घाटातच विचारतो. आणि ही सवलत राज्याच्या हद्दीपुरतीच आहे, गोव्याला जाणाऱ्या गाडीत पुढचे पैसे भरावे लागतात.

कुठं जायचं हे मात्र मी ठरवलं. दहावीच्या इतिहासात 'पर्यटन आणि इतिहास' असा चक्क एक धडा आहे. पुस्तक मी मोठ्या दादाकडून आधीच आणलं होतं. ते उघडून आईसमोर ठेवलं आणि वेरूळ-अजिंठा मंजूर झालं.

वारांचं गणित आधी सांगते, कारण इथंच लोक फसतात. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. आम्ही रविवारी पुण्यात वाकडेवाडीहून निघालो (शिवाजीनगरचं एसटी स्टँड गेली काही वर्षं तिथंच आहे, रिक्षावाल्याला 'शिवाजीनगर' म्हणालात तर तो भलतीकडेच सोडेल), सोमवारी वेरूळ केलं आणि मंगळवारी अजिंठा. हेच उलटं केलं असतं तर दोन्ही दिवस बंद दार बघून परत आलो असतो. लॉजमध्ये एक कुटुंब नेमकं तसंच अडकलं होतं.

तिकीट चाळीस रुपये, पंधरा वर्षांखालच्यांना नाही. मला मार्चमध्ये पंधरा पूर्ण झाली, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच पुरातत्त्व खात्यानं माझ्याकडून पैसे घेतले. धाकटा दिवसभर चिडवत होता.

वेरूळला पहाटेच पोचा. सहा वाजता उघडतं. एप्रिलअखेरीला दहानंतर तिथला दगड भाजायला लागतो, त्यामुळे आम्ही चौतीस लेणी बघायचा हट्टच धरला नाही. सोळा नंबरचं कैलास, दहावं, मग रिक्षानं लांबची जैन लेणी, बास. कैलासाबद्दल पुस्तकात एवढंच वाचलं होतं की ते राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, आठव्या शतकातलं, आणि वरून खाली खोदत आणलेलं. 'वरून खाली' म्हणजे काय, ते कडेच्या पायवाटेनं वर चढून शिखराकडे बघितल्यावर कळतं. कळस आपल्या पायाखाली आणि अंगण खोल विहिरीत असल्यासारखं. आधी कळस घडवला आणि पाया शेवटी. कारागिराला मध्येच 'चुकलं, परत करू' म्हणायची सोयच नाही.

आजी वर आली नाही. ती खाली सावलीत एका शिल्पासमोर बसून होती, अर्ध्या तासानं आम्ही आलो तरी तिथंच. रावण कैलास हलवतोय ते शिल्प. मला आधी फक्त रावणाचे हात दिसले. आजीनं बोट दाखवलं. "वर बघ. पार्वती घाबरून बिलगलीय आणि शंकर नुसता पायाचा अंगठा दाबतोय." मग मला दासी पण दिसली, पाठ फिरवून पळत सुटलेली. अर्धा तास एकाच ठिकाणी बसणं हा लेणी बघायचा चांगला मार्ग आहे असं माझं मत झालंय. निदान आजीचे गुडघे दुखत असतील तेव्हा तरी.

अजिंठा छत्रपती संभाजीनगरहून शंभर किलोमीटरवर आहे आणि नऊला उघडतं, त्यामुळे ऊन चुकत नाही. फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी सोडून लेण्यांपर्यंत तिथल्या बसनं जावं लागतं. तिथून पायऱ्या. आजीसाठी डोली केली. चार माणसं खुर्ची खांद्यावर घेतात. पैसे आधी ठरवा, चढण्याचे वेगळे आणि उतरण्याचे वेगळे असं नंतर ऐकावं लागू नये. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढायच्या असतात, आणि एका लेण्यातून दुसऱ्यात जाताना पाय असे भाजतात की माणूस आपोआप नाचतो. जाड मोजे घेऊन जा. हा या लेखातला सगळ्यात उपयोगी सल्ला समजा.

सगळे लोक एक नंबरपासून सुरू करतात, म्हणून तिथं रांग. आम्हीही त्याच रांगेत शिरलो आणि आतल्या अंधारात पद्मपाणीसमोर जेमतेम मिनिटभर उभं राहायला मिळालं. परत गेले तर सरळ शेवटाकडे, सव्विसाव्या लेण्याकडे जाईन. तिथं महापरिनिर्वाणाचा बुद्ध आहे, सुमारे सात मीटर लांब, कुशीवर निजलेला. आणि तिथून मागे येत येत चित्रं बघीन.

दहाव्या लेण्यात एक गंमत आहे. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला होता, तेव्हा त्याला ही लेणी दिसली. त्यानं एका खांबावर आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली. तारीख २८ एप्रिल. आम्ही २९ एप्रिलला तिथं होतो, म्हणजे २०६ वर्षं आणि एक दिवस. ते नाव बरंच उंचावर आहे, कारण तेव्हा लेण्यात मातीचा ढीग साचला होता आणि तो त्या ढिगावर उभा होता. आम्ही गडावर खडूनं नाव लिहिलं तर शाळेत पालकांना बोलावतात, याचं नाव मात्र गाईड टॉर्च मारून दाखवतो.

परत आलो. पाच तारखेपासून क्लास. सकाळी सात ते अकरा, घरी आल्यावर गृहपाठ. काश्मीरसाठी मागितलेली सूट अजून शिल्लक होती, ती मी कोकणात खर्च केली.

१६ मेच्या रात्री स्वारगेटहून निघालो. कोल्हापूर, फोंडाघाट, कणकवली आणि तिथून मालवणची गाडी. मालवणजवळच्या गावात आत्या राहते. घाटात धाकट्याचं जे व्हायचं ते झालं. आजीची आवळासुपारी तोंडात असेपर्यंत तो ठीक होता. संपली आणि दोन वळणांत कार्यक्रम उरकला. डबी भरलेली ठेवा, आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या खिशात.

कोकण रेल्वेचं विचाराल तर मेच्या गाड्यांचा निर्णय मार्चमध्ये घ्यावा लागतो. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं (आधी एकशे वीस होतं). आमचं एप्रिलच्या शेवटी ठरलं, त्यामुळे परतीच्या गाडीची आमची नावं शेवटपर्यंत प्रतीक्षा यादीतच राहिली आणि आलो तसेच एसटीनं गेलो.

आता आमची चूक. शनिवारी पोचलो आणि झोपलो. रविवारी तारकर्ली, देवबाग, तिथं अर्धा पुणे जिल्हा भेटला. सोमवारी सावंतवाडी. चितार आळीत लाकडी फळं घेतली, राजवाड्यात गंजिफा रंगवणारे कारागीर बघितले. दशावतारी गंजिफाचे एकशे वीस गोल पत्ते असतात, आणि एवढ्याशा वर्तुळात त्यांनी मत्स्य-कूर्म-वराह बसवलेले असतात. सिंधुदुर्ग किल्ला मंगळवारसाठी राखून ठेवला होता. समोरच तर आहे, कुठं पळतोय?

मंगळवारी, २० मेला, सकाळपासून धो धो पाऊस. धक्क्यावर गेलो तर होड्या वर ओढलेल्या. किल्ला समोर दिसतोय, पाण्यात, पावसात, आणि जाता येत नाही. नंतर कळलं की २०२५ साली मान्सूनच फार लवकर आला. एरवीही मेच्या शेवटच्या आठवड्यात होड्या बंद होतात आणि पावसाळा संपेपर्यंत बंद राहतात. तेव्हा मालवणला गेलात तर किल्ला पहिल्याच सकाळी करा, समुद्रात डुंबायला मागाहून वेळ आहे. दूधबाव, दहीबाव, साखरबाव, खाऱ्या समुद्रातल्या या गोड्या विहिरी मी धाकट्याला दाखवणार होते. त्या त्याला तोंडी सांगितल्या.

त्या पावसानं खरी धांदल उडवली ती आत्याची. खळ्यात चटयांवर रतांब्यांची, म्हणजे कोकमाच्या फळांची, सोलं वाळत होती. रतांबा फोडून बिया काढायच्या, सालं त्याच्याच मीठ घातलेल्या रसात बुडवायची, उन्हात टाकायची, संध्याकाळी परत रसात, सकाळी परत उन्हात, असं कितीतरी दिवस. पहिला थेंब पडला आणि आत्या ओरडली, "पावस इलो, सोलां उचला!" आजीसकट सगळे धावलो. पडवीत चटया, वर पंखा, हात कोपरापर्यंत लाल. तीन दिवस ऊन आलंच नाही. मी पडवीत सोलांच्या शेजारी बसून बीजगणिताचा दुसरा धडा केला, वहीच्या कडेला अजून लाल डाग आहेत. आत्या येता-जाता विचारायची, "अभ्यास कधी करतलंस गो?"

अर्धवट सुकलेली दोन किलो सोलं आत्यानं बरणीत भरून दिली. एसटीत बरणी नेणार असाल तर झाकणाखाली प्लॅस्टिक लावून ती मांडीवर धरा, वरच्या रॅकवर ठेवू नका. आम्ही रॅकवर ठेवली होती.

१६ जूनपासून शाळा आहे. बरणी फ्रिजमध्ये असते, पुण्यात ऊन पडलं की सोलं ताटात काढून गॅलरीत ठेवायची. आज पडलंय. कबुतरं हाकलायचं काम माझ्याकडे आहे.